स्फूर्तीला छप्पर लागते

माद्रिद : माणसाला नवे काही सुचते ते कशामुळे, या प्रश्नावर स्पेनने जगाला एक शब्द दिला, दुएंदे. कवी फेदेरिको गार्सिया लोर्का याने १९३३ मध्ये ब्यूनोस आयर्सला दिलेल्या व्याख्यानात तीन शक्तींचा विचार मांडला. देवदूत प्रकाश देतो, काव्यदेवता रूप देते आणि हे दोघेही बाहेरून येतात; दुएंदेला मात्र कलावंताने स्वतःच्या रक्तात, मरणाच्या जाणिवेजवळ जागे करावे लागते. ही मांडणी इतकी प्रभावी ठरली की स्पॅनिश प्रतिभा म्हणजे एकट्या माणसाच्या आत अचानक उसळणारे काहीतरी, असाच समज पसरला. स्वतः लोर्का ज्या पिढीत वाढला तिचा इतिहास पाहिला तर हा समज अपुरा वाटतो. त्या पिढीची प्रतिभा चेतवली ती सोबतीने, आणि ती सोबत कोणीतरी विचारपूर्वक घडवून आणली होती. रोजच्या स्पॅनिश बोलण्यातही याची खूण दिसते. इन्स्पिरार हे क्रियापद श्वास आत घेण्यासाठी आहे, तसेच कलेची प्रेरणा देण्यासाठीही. पण कुणाला हुरूप द्यायचा, हात धरून कामाला लावायचे, तर लोक आनिमार किंवा आलेन्तार म्हणतात. एकाच्या मुळाशी जीव आहे, दुसऱ्याच्या मुळाशी श्वास, आणि तो घालणारा बहुधा दुसराच कोणी असतो. अर्थात भाषेची साक्ष इथवरच पुरते. खरा पुरावा एका वास्तूत आहे.

ती वास्तू म्हणजे माद्रिदमधले रेसिदेन्सिया दे एस्तुदिआन्तेस हे विद्यार्थी-निवास. फ्रान्सिस्को हिनेर दे लोस रीओस यांनी १८७६ मध्ये सहकाऱ्यांसह सरकार आणि चर्च या दोघांपासून स्वतंत्र अशी शिक्षणसंस्था काढली होती. त्याच विचारातून १९१० मध्ये हे निवास उभे राहिले. ते स्थापन करणाऱ्या सरकारी मंडळाचे अध्यक्ष नोबेल विजेते शास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल होते आणि निवासाचे संचालक होते आल्बेर्तो हिमेनेस फ्राउद. कवी, वैद्यकाचा विद्यार्थी आणि अभियंता यांनी एकाच छताखाली राहावे, हा या निवासामागचा आग्रह होता. लोर्का, चित्रकार साल्वादोर दाली आणि पुढे चित्रपट दिग्दर्शक झालेला लुइस बुन्युएल इथेच एकमेकांना भेटले. इथल्याच प्रयोगशाळेत हुआन नेग्रिन यांच्या हाताखाली सेवेरो ओचोआ शिकला आणि १९५९ मध्ये त्याला नोबेल मिळाले. आइन्स्टाइन, मारी क्युरी, केन्स यांची व्याख्याने इथे झाली. १९१३ मध्ये इथल्याच एका व्याख्यानाच्या निमित्ताने कवी हुआन रामोन हिमेनेस आणि सेनोबिया काम्प्रुबी यांची ओळख झाली. या जोडीने पुढे रवींद्रनाथांचे साहित्य स्पॅनिशमध्ये आणले. इतक्या भिन्न क्षेत्रांत एकाच घरातून एवढी कामे निघावीत, याला निव्वळ योगायोग म्हणता येत नाही.

यावर पहिला आक्षेप फ्लामेन्को या स्पॅनिश गायन-नृत्याच्या बाजूने येतो. गायकाचा दुएंदे कोणत्या वसतिगृहात तयार होतो? लोर्कानेच सांगितले आहे की तो शिकवता येत नाही. ते खरे आहे. पण दुएंदेचे खरे क्षेत्र संगीत, नृत्य आणि बोलून दाखवलेली कविता, म्हणजे जिथे जिवंत देह आणि समोर ऐकणारे असतात ते, हेही त्यानेच सांगितले. १९२२ मध्ये संगीतकार मान्युएल दे फाया, लोर्का आणि मित्रमंडळींनी ग्रानादाच्या आल्हाम्ब्रात जुन्या गंभीर गायकीची स्पर्धा भरवली. तिथे गाजलेला मानोलो काराकोल तेव्हा लहान मुलगा होता, पण आला होता फ्लामेन्कोच्या नामवंत घराण्यातून. तो ऐकत वाढला होता, आणि भोवतीचे टाळ्या देणारे, ‘ओले!’ म्हणून दाद देणारे लोक त्या गाण्याचाच भाग असतात. दुएंदे येण्याचा क्षण कोणाच्या हातात नसेल. तो येऊ शकेल अशी मैफल मात्र माणसेच भरवतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटले, लोर्काची हत्या झाली, निवासाची परंपरा तुटली. तरीही ओचोआने अमेरिकेत, बुन्युएलने मेक्सिकोत मोठे काम केले आणि कवी हुआन रामोन हिमेनेस यांना १९५६ मध्ये प्वेर्तो रिकोत असताना नोबेल मिळाले. मग छप्पर हवे कशाला? याचे उत्तर निर्वासितांच्या इतिहासातच आहे. मेक्सिकोचे अध्यक्ष लासारो कार्देनास यांच्या सरकारने १९३८ मध्ये स्पॅनिश विद्वानांसाठी कासा दे एस्पान्या ही संस्था काढली. लेखक आल्फोन्सो रेयेस तिच्या प्रमुखपदी आले, आणि १९४० मध्ये तिचेच एल कोलेहिओ दे मेहिको झाले. म्हणजे निर्वासितांसाठी कोणीतरी पुन्हा घर बांधले. ज्यांना असे घर मिळाले नाही, जे तुरुंगात गेले किंवा देशातच गप्प बसवले गेले, त्यांचे काय राहून गेले ते कोणत्याच यादीत सापडणार नाही. नोबेलच्या नावांवरून छपराची गरज नाही असे ठरवणे म्हणजे फक्त वाचलेल्यांची साक्ष घेणे होय.

तिसरा आक्षेप मान्यच करावा लागेल : हे घर मुख्यतः सुस्थितीतल्या घरांतल्या मुलांचे होते. १९१५ मध्ये मारिया दे माएस्तू यांच्या नेतृत्वाखाली विद्यार्थिनींचे निवास निघाले खरे, तरी खेड्यातला शेतमजूर दूरच राहिला. हे उणेपण त्या मंडळींनाही जाणवत होते. म्हणून स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारने १९३१ मध्ये ग्रंथ आणि चित्रांच्या प्रतिकृती घेऊन गावोगाव जाणारी शिक्षण-अभियाने सुरू केली, आणि १९३२ मध्ये लोर्का ला बाराका या फिरत्या नाट्यमंडळीसह खेड्यांत जुनी स्पॅनिश नाटके करू लागला. रेसिदेन्सिया १९८६ मध्ये नव्याने उभी राहिली, आज ती माद्रिदमध्ये चालू आहे. कोणतेही सरकार प्रतिभा हुकुमाने निर्माण करू शकत नाही. खोली, ग्रंथालय, प्रयोगशाळा, चांगला गुरू आणि वेगळ्या विषयातला शेजारी एवढे मात्र ते नक्की देऊ शकते. स्पेनने हे एकदा करून पाहिले, आणि ते पंचवीसेक वर्षांत किती फळले याचा हिशेब सर्वांसमोर आहे. असे दार जितक्या मुलांसाठी उघडे ठेवू, तितकीच स्फूर्ती देशाच्या वाट्याला येईल.