गाठी लादण्याआधी गिऱ्हाइकाचा नंबर पाहा

ई-इनव्हॉईसची पद्धत आता मोठ्या गिरण्यांपुरती राहिलेली नाही. 1 ऑक्टोबर 2020 रोजी ती 500 कोटींवर उलाढाल असलेल्यांना लागू झाली आणि पायरीपायरीने खाली येत 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवर आली. ही उलाढाल एका पॅनवरची, सबंध देशातली आणि 2017-18 पासूनच्या कोणत्याही एका वर्षाची धरतात. त्यामुळे भिवंडी-मालेगावचे पुष्कळ मध्यम व्यापारी तिच्यात आले आहेत.

बाजारात आम्हांला एक प्रश्न नेहमी ऐकू येतो. "समोरच्याकडे ई-इनव्हॉईस चालू नाही, मग त्याला आमचे बिल चालेल का?" बेल्जियममध्ये हा प्रश्न बरोबर ठरला असता. तिथे 1 जानेवारी 2026 पासून व्यापाऱ्या-व्यापाऱ्यातले बिल पेपोल नावाच्या जाळ्यातून थेट समोरच्याच्या संगणकात जाते आणि घेणाऱ्याचा पत्ता त्या जाळ्यात नोंदलेला नसेल तर बिल पोहोचतच नाही. संयुक्त अरब अमिरातीनेही हाच रस्ता निवडला आहे, तेव्हा दुबईत पेढी असलेल्यांनी ध्यानात ठेवावे. आपल्याकडे तसे नाही. आपले सरकारी पोर्टल बिलावर 64 अक्षरी आयआरएन आणि क्यूआर कोड देते, म्हणजे शिक्का मारते. बिल गिऱ्हाइकाच्या हाती देणे हे आपलेच काम. गिऱ्हाईक 50 लाखांचा दुकानदार असो की कंपोझिशनवाला, त्याला ई-इनव्हॉईस लागू असण्याची गरज नाही. गरज आहे ती त्याचा जीएसटी नंबर जिवंत असण्याची आणि तो त्याचाच, त्याच पेढीचा असण्याची.

घोळ इथेच होतो. आपला कापडाचा धंदा खानदानी. पेढी वडिलांच्या एकट्याच्या नावावर, म्हणून नंबर त्यांच्या पॅनवर. वडील अल्लाहला प्यारे झाले की मुले नवा नंबर घेतात, जुना रद्द होतो; पण दुकानाची पाटी तीच, फोन तोच आणि दलालाच्या वहीत नंबरही तोच जुना. दुसरा प्रकार दोन राज्यांचा. एकाच मालकाची पेढी भिवंडीत आणि सुरतेतही. पॅन एकच, पण भिवंडीचा नंबर 27 ने सुरू होतो, सुरतेचा 24 ने. माल भिवंडीला गेला आणि बिल सुरतेच्या नंबरावर फाडले, तर भिवंडीच्या जीएसटीआर-2बी मध्ये ते दिसणार नाही. 4 लाखांच्या कापडावर 5 टक्क्यांनी 20,000 रुपये कर होतो. तेवढे क्रेडिट अडकले की गिऱ्हाईक पेमेंटमधून 20,000 धरून ठेवतो, आणि वर्षानुवर्षांच्या संबंधात तकरार उभी राहते.

नंबर रद्द झालेला असेल तर पोर्टल बहुधा आयआरएनच देत नाही. पण तोवर टेम्पो दारात उभा, हमाल खोळंबलेले. चालू पण चुकीचा नंबर त्याहून वाईट, कारण पोर्टल त्याला अडवत नाही. आयआरएन मिळाल्यावर पोर्टलवर बिलात दुरुस्ती होत नाही. 24 तासांत बिल रद्द करता येते, तेही अख्खेच. त्यावर ई-वे बिल चालू असेल तर आधी ते रद्द करावे लागते आणि बिलाचा तो क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. 24 तास उलटले की जीएसटीआर-1 मधली दुरुस्ती नाहीतर क्रेडिट नोट. कराच्या खर्चापेक्षा मुनीमजींचा वेळ त्यात जास्त जातो.

तपासणी मात्र दोन मिनिटांची आहे. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये नंबर घातला की कायदेशीर नाव, दुकानाचे नाव, पत्ता, रेग्युलर की कंपोझिशन आणि नंबर चालू, निलंबित की रद्द, हे सगळे दिसते. पॅन घातला तर त्यावरचे सर्व राज्यांतले नंबर निघतात. आमच्या मते जुन्या गिऱ्हाइकाचाही नंबर दर बिलाच्या दिवशी पाहावा. गेल्या महिन्यात चालू असलेला नंबर रिटर्न न भरल्यामुळे आज निलंबित असू शकतो. नाव दलालाकडून नव्हे, पोर्टलवरून उतरवावे. नव्याने नोंदणी झालेल्याचा नंबर ई-इनव्हॉईस पोर्टलवर सापडत नसेल, तर तिथे जीएसटी पोर्टलवरून माहिती ताजी करून घेण्याची सोय आहे.

खरेदी करतानाही हेच उलटे करावे. ई-इनव्हॉईस पोर्टलवर सुताच्या व्यापाऱ्याचा नंबर घालून त्याला ही पद्धत लागू आहे का ते पाहावे. लागू असून बिलावर आयआरएन नसेल तर नियम 48(5) प्रमाणे ते बिलच नाही, आणि आपले क्रेडिट धोक्यात. 10 कोटी किंवा त्यावर उलाढाल असलेल्यांना 1 एप्रिल 2025 पासून बिलाच्या तारखेपासून 30 दिवसांतच आयआरएन घ्यावा लागतो, म्हणून "पुढच्या महिन्यात देतो" हा वायदा त्यांच्याकडून ऐकून घेऊ नये.

राहिला आपला नोंदणी नसलेला कारागीर, शिलाईवाला, छोटा फेरीवाला. त्याच्या बिलाला आयआरएन लागत नाही. बिल साध्या पद्धतीने फाडावे, त्यासाठी कुणा शेजाऱ्याचा नंबर मागून घालू नये. तो कितीही राजीखुशीने देत असला तरी.