मनगटातला प्रतिध्वनी

तान्ह्या बाळाला दिवसभर उचलणाऱ्या आईचं मनगट अंगठ्याच्या बाजूला ठणकू लागतं. चिमटीत काही धरायला जावं तर कळ येते. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन यांनी १८९५ साली या दुखण्याचं वर्णन केलं. आजही ते त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. परकराच्या नेफ्यातून नाडी जावी तशा अंगठ्याच्या दोन कंडरा इथं एका अरुंद बोगद्यातून जातात. बोगद्याचं छत जाड झालं, आवरण सुजलं, की त्यांचं सरकणं अडतं. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, पण ही अडचण दिसत नाही. ती आवाजाला दिसते!

आपल्या कानाची धाव सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंत. मनगटावर टेकवलेल्या सोनोग्राफीच्या प्रोबमधून सुमारे दीड कोटी कंपनं निघतात. अशा लाटेची लांबी जेमतेम ०.१ मिलिमीटर, म्हणून कंडरेतले तलम तंतूसुद्धा पडद्यावर उमटतात. पाच मिलिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी परततो तो सेकंदाच्या दीड लाखाव्या भागात. सुजलेली कंडरा जाड आणि काळपट दिसते, भोवती पाण्याचं काळं कडं असतं. रक्ताचा प्रवाह टिपणारं डॉपलर सुरू केलं की सुजेमुळे वाढलेलं रक्ताभिसरण रंगीत ठिपक्यांनी लुकलुकतं.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो कोन. ध्वनी कंडरेवर काटकोनात पडला तरच ती उजळते. थोडा तिरका पडला, की प्रतिध्वनी भलतीकडे निघून जातो आणि धडधाकट कंडराही काळी, आजारी भासते. म्हणून जाणकार डॉक्टर प्रोब हलकेच डोलवत राहतात. काळेपणा उजळला, तर तो कोनाचा खेळ. प्रोब कसाही कलवला तरी टिकला, तर आजाराची शंका. हातही फुलासारखा हलका हवा. जोरानं दाबलं तर आवरणातलं पाणी बाजूला सरतं, बारीक रक्तवाहिन्या मिटतात, आणि सूज असूनही चित्रात सापडत नाही. प्रोब न दाबता टेकावा म्हणूनच मध्ये जेलचा जाड थर.

काही जणांच्या बोगद्यात जन्मतःच एक पडदा असतो, दोन कंडरांचे दोन वेगळे कप्पे करणारा. एका कप्प्यात दिलेलं इंजेक्शन दुसऱ्यात पोचेलच असं नाही, आणि वरून चाचपून हा पडदा कळत नाही. सोनोग्राफीत तो आधीच दिसू शकतो. मग सुईचं टोक सोनोग्राफीच्या चित्रात बघत डॉक्टर दोन्ही कप्प्यांत औषध सोडतात.