रातांब्याचें ऊन पेय : थंडीच्या दिवसांसाठीं घरची तजवीज

पौषाची थंडी पडूं लागली म्हणजे कोंकणांतील घरांतून पहांटे चूल लौकर पेटते, आणि तिच्यावर पहिलें आधण चढतें तें चहाचें. चहास आमचा विरोध नाहीं. शेतावर निघणाऱ्या माणसाच्या पोटांत कांहीं तरी ऊन गेल्यावांचून त्याचे हातपाय मोकळे होत नाहींत, हें आम्ही जाणतों. परंतु एरवीं दोन वेळां होणारा चहा थंडीच्या निमित्तानें चार वेळां होऊं लागला, व लहान मुलांच्या हातींही तोच पेला जाऊं लागला, म्हणजे खर्चाचा आणि प्रकृतीचा विचार करणें प्राप्त होतें. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा अन्नांतील लोह अंगीं लागूं देत नाहीं, हें आतां सर्वमान्य झालें आहे. आणि रक्ताची कमतरता आपल्या घरांतील स्त्रियांत व मुलांतच अधिक आढळते. उलटपक्षीं, ज्या वाडींत दरसाल रातांबे झाडाखालीं कुजून जातात, त्याच वाडीच्या मालकानें थंडींत प्रत्येक पेल्याकरितां बाजाराची वाट धरावी, हें चांगल्या शेतकीचें लक्षण नव्हे.

चहा आपल्या घरांत आपोआप आला नाहीं. सन १९०३ मध्यें परदेशीं जाणाऱ्या चहावर उपकर बसविणारा कायदा झाला, आणि त्या पैशांतून देशांत व देशाबाहेर चहाचा प्रसार पद्धतशीरपणें करण्यांत आला. रातांब्यास असा पाठीराखा लाभला नाहीं. उन्हाळ्यांतील सरबत आणि जेवणांतील सोलकढी एवढ्यापुरतेंच त्याचें नांव राहिलें. थंड पेयास जें फळ इतकें उपयोगी, तें ऊन पेयासही तितकेंच उपयोगी आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत आलेली नाहीं. म्हणून तिच्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे.

रातांबा, म्हणजेच कोकंब, हें सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील मूळचें झाड. त्याचीं फळें चैत्र-वैशाखापासून पिकूं लागतात, व पुष्कळशीं ज्येष्ठांतील पावसांत सांपडून नासतात. म्हणूनच थंडीच्या या पेयाची खरी तयारी मे महिन्यांत होते. पूर्ण लाल झालेलीं, न किडलेलीं फळें उतरवून धुवावीं व पुसून कोरडीं करावीं. प्रत्येकाचे दोन भाग करून आंतील गर व बिया काढून घ्याव्या. साली पोकळ बाजू वर करून, जमिनीपासून उंच मांडलेल्या स्वच्छ मांडवीवर किंवा कापडावर पसराव्या, व माशा बसूं नयेत म्हणून वरून विरळ कापड घालावें. आमसुलाप्रमाणें यांस मीठ लावूं नये व रसाचीं पुटेंही देऊं नयेत. ऊन कडक असल्यास साधारण आठवडाभरांत साली आखडून चामड्यासारख्या होतात. गार झालेली साल दाबून पाहावी. बोटास ओल लागतां कामा नये. मग कांचेच्या किंवा चिनी मातीच्या कोरड्या बरणींत भरून झांकण घट्ट बसवावें. पावसाळ्यांत मधून मधून उघडीप पाहून बरणी तपासावी. बुरशी दिसल्यास वरवर पुसून साली वापरण्याचा मोह धरूं नये; तो सगळा भाग टाकून द्यावा.

बियाही टाकाऊ नाहींत. त्या धुऊन वाळवून ठेवल्यास त्यांपासून कोकमाचें घट्ट तेल निघतें, व थंडींत भेगाळलेल्या टांचांस लावण्यास कोंकणांत तें पिढ्यान् पिढ्या वापरांत आहे. एका फळाची साल पेल्यांत आणि बी टांचेस, अशी ही थंडीची दुहेरी बेगमी होय.

आतां कृति सांगतों. चार पेल्यांस सुकलेल्या आठ ते दहा साली पुरतात. त्या धुऊन एक पेला कोमट पाण्यांत अर्धा तास भिजत घालाव्या. नंतर हातानें चांगल्या कुसकरून तें लाल पाणी गाळून बाजूस ठेवावें. दुसऱ्या भांड्यांत साडेतीन पेले पाणी घेऊन त्यांत ठेंचलेलें आलें बोटाच्या एका पेराएवढें, दालचिनीचा एक लहान तुकडा, तीन लवंगा व भरड कुटलेली चार-पांच मिरी घालावी, आणि झांकण ठेवून मंद विस्तवावर सात-आठ मिनिटें उकळावें. पाणी सुमारें तीन पेले उरलें म्हणजे तीन-चार मोठे चमचे चिरलेला गूळ त्यांत विरघळवावा. मग भांडें खालीं उतरवून, दोन वेलदोड्यांची पूड व चिमूटभर सैंधव टाकून, शेवटीं कोकमाचें लाल पाणी मिसळावें. पांच मिनिटें झांकून, गाळून, ऊन असतांनाच प्यावें. आंबटपणा प्रत्येक झाडाच्या फळांत थोडाबहुत निराळा असतो. म्हणून गूळ चव पाहून कमीअधिक करावा. कुसकरलेल्या साली त्याच दिवशींच्या आमटींत खुशाल घालाव्या.

कोकमाचें पाणी सर्वांच्या शेवटीं घालावें, असें आम्ही मुद्दाम सांगत आहों. या फळाचा लाल रंग फार वेळ उकळल्यानें मळतो. मसाल्याचा अर्क उतरण्यास उकळी लागते, फळाच्या रसास ती लागत नाहीं. म्हणून दोन्ही निरनिराळीं तयार करून अखेरीस एकत्र आणावीं, यांत या कृतीचें सारें मर्म आहे. यांत दूध मात्र घालूं नये. आंबटपणानें तें तत्काळ फाटतें.

याहूनही महत्त्वाची गोष्ट भांड्याची. कोकंब अत्यंत आंबट असल्यामुळें कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यांत तें मुळींच करूं अथवा ठेवूं नये. आंबटांत तांबें उतरतें, व असें पेय पोटांत गेल्यास मळमळ, ओकारी व पोटदुखी होते. मुलांस तर त्याचा त्रास अधिक. ॲल्युमिनियमचें भांडेंही या कामीं वर्ज्य समजावें. लोखंडांत रंग काळवंडतो. स्टेनलेस स्टीलचें, कांचेचें किंवा चांगल्या रोगणाचें भांडें घ्यावें. आजीच्या वेळचें पितळी पातेलें घरांत असेल व त्याची कल्हई झिजली असेल, तर तें पुन्हां कल्हई होईपर्यंत फडताळांतच राहूं द्यावें.

ज्यांच्या घरीं बिनमिठाच्या साली नसतील त्यांनीं यंदां आमसुलांवरच काम भागवावें. तीं दोन पाण्यांतून झटकन् धुऊन मग भिजवावीं, आणि सैंधव वगळावें. घाटमाथ्यावरील व देशावरील बंधूंस रातांबा सहज मिळत नाहीं. पण त्यांच्याकडे याच दिवसांत आंवळा असतो. गूळ-मसाल्याचें पाणी वरीलप्रमाणें करून, तें पिण्याजोगें कोमट झाल्यावर त्यांत पेल्यास दोन चमचे आंवळ्याचा ताजा रस घालावा. आंवळ्यांत ‘क’ जीवनसत्त्व विपुल असतें व तें उष्णतेनें नाश पावतें. यास्तव येथेंही रस शेवटींच घालावयाचा.

दालचिनीविषयीं एक सूचना. बाजारांत जाड, कठीण सालीची जी स्वस्त दालचिनी मिळते ती पुष्कळदां वेगळ्या जातीच्या झाडाची असते. तिच्यांत कूमारिन नांवाचें द्रव्य अधिक असून तें फार प्रमाणांत नित्य पोटांत गेल्यास यकृतास बाधक होतें. खरी दालचिनी कागदासारख्या पातळ थरांची असते. ती, तसेंच मिरी व जायफळ, नारळ-पोफळीच्या बागेंत आंतरपीक म्हणून उत्तम येतात; तेव्हां या पेल्यांतील बराचसा जिन्नस एकाच वाडींतून निघूं शकतो.

हें पेय औषध आहे असा आमचा दावा नाहीं. यानें पडसें बरें होत नाहीं. घशास शेक मिळतो, अंगांत ऊब येते, व थंडींत तहान न लागल्यामुळें कमी पडणारें पाणी पोटांत जातें. एवढा लाभ कांहीं थोडा नव्हे. ज्यांस आम्लपित्ताचा किंवा पोटांतील व्रणाचा विकार आहे त्यांनीं तें टाळावें, मधुमेह्यांनीं गुळाचा विचार करावा, व वर्षाआंतील बालकास तें देऊंच नये.

शेवटीं लागवडीसंबंधीं दोन शब्द. बियांपासून केलेल्या रोपांत सुमारें निम्मीं झाडें नर निघतात व त्यांस फळ धरत नाहीं. हें कळेपर्यंत कित्येक वर्षें वायां जातात. म्हणून नवीन झाड लावणारांनीं कलमेंच लावावीं. दापोली येथील कृषि विद्यापीठानें ‘कोंकण अमृता’ व ‘कोंकण हातीस’ या जाती याकरितांच पुढें आणिल्या आहेत.

सभासद बंधुभगिनींस आमची विनंति एवढीच, कीं येत्या मे महिन्यांत पाऊस येण्यापूर्वीं प्रत्येकानें निदान एक बरणी साली वाळवून ठेवाव्या. पुढल्या थंडींत शेजारी घरीं आला, किंवा संक्रांतीच्या हळदीकुंकवास आयाबहिणी जमल्या, तर त्यांच्यापुढें आपल्याच झाडाच्या फळाचा ऊन पेला ठेवावा. आपल्या मालाचा मान आपण आपल्या घरीं राखिला, तर बाजारही तो हळूहळू राखूं लागेल.