कार्ताहेना: तटबंदीच्या शहरात गाइडसोबत एक दिवस

कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचं कार्ताहेना दे इंडियास हे शहर बहुतेक प्रवाशांच्या वाट्याला एकच दिवस येतं. क्रूझ जहाज सकाळी मांगा भागातल्या धक्क्याला लागतं आणि संध्याकाळी निघून जातं. विमानानं आलेले लोकही एक दिवस शहराला देतात आणि दुसऱ्या दिवशी रोसारिओ बेटांकडे वळतात. जुनं शहर पायी फिरण्याइतकं आटोपशीर आहे, त्यामुळे एक दिवस पुरतो. पण त्या दिवसात काय दिसेल, हे सोबतच्या गाइडवर फार अवलंबून आहे. पिवळ्या-निळ्या भिंती, लाकडी सज्जे आणि त्यावरून ओघळणारी बोगनवेल कुणीही दाखवेल. हे सगळं कुणाच्या श्रमांवर उभं राहिलं, ते सांगणारा माणूस शोधावा लागतो, आणि तो शोधावा असं मला मनापासून वाटतं.

शहर कशासाठी वसलं

पेद्रो दे एरेदिया या स्पॅनिश सरदारानं १ जून १५३३ रोजी शहराची स्थापना केली. त्याआधी इथं कालामारी नावाची मूळ रहिवाशांची वस्ती होती. इथली खाडी खोल आणि वाऱ्यापासून सुरक्षित असल्यामुळे दक्षिण अमेरिकेतली संपत्ती स्पेनला नेणाऱ्या जहाजांच्या तांड्यांचं हे महत्त्वाचं बंदर बनलं. संपत्तीच्या मागोमाग लुटारूही आले. १५८६ मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकनं शहर ताब्यात घेतलं, बांधकाम चालू असलेलं कॅथेड्रल तोफांनी फोडलं आणि १,०७,००० डुकाट खंडणी घेऊनच तो निघाला. त्याच वर्षी बाउतिस्ता आंतोनेली हा इटालियन अभियंता इथं आला आणि तटबंदीची आखणी सुरू झाली. ती पुरी व्हायला अठराव्या शतकाचा शेवट उजाडला. प्रवाळी दगड, विटा आणि चुना यांचा तो तट सुमारे ११ किलोमीटर लांब होता. त्यातला बराच आजही उभा आहे, आणि १९८४ पासून शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

गाइड कसा निवडावा

घड्याळाच्या मनोऱ्यापाशी रंगीत छत्र्या घेतलेले गाइड उभे असतात. त्यांच्या पायी सहली ‘मोफत’ म्हटल्या जातात, पण शेवटी खुशीनं पैसे द्यायचे असतात. तेच त्यांचं उत्पन्न आहे, तेव्हा तिथं हात आखडता घेऊ नये. दुसरा प्रकार खासगी गाइडचा. तो अर्ध्या किंवा पूर्ण दिवसासाठी ठरवतात, त्याची गाडीही असते, आणि ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुलं सोबत असतील तर हाच बरा. क्रूझ कंपनीच्या सहली वेळेच्या दृष्टीनं सर्वांत निर्धोक, पण त्यांचा पुष्कळसा वेळ दागिन्यांच्या आणि पाचूच्या दुकानांत जातो.

कोलंबियात गाइडचं काम करायला सरकारमान्य ओळखपत्र लागतं, त्याला तिथं ‘तार्हेता प्रोफेसिओनाल’ म्हणतात. ते पाहायला मागितलं तर कुणी रागावत नाही. मी मात्र आणखी दोन प्रश्न विचारायला सांगेन: हेत्सेमानी ही जुनी वस्ती तुमच्या फेरीत आहे का, आणि प्लासा दे लोस कोचेस या चौकात तुम्ही किती वेळ थांबता? उत्तरावरून माणूस कळतो.

सकाळ किल्ल्याला द्या

कार्ताहेना विषुववृत्तापासून जेमतेम साडेदहा अंशांवर आहे. अकरानंतर सान फेलिपे दे बाराहास किल्ल्याच्या उतारांवर सावलीचा तुकडाही मिळत नाही. म्हणून किल्ला उघडताच वर चढावं. टोपी आणि पाण्याची बाटली विसरून चालणार नाही.

सिंधुदुर्ग किंवा वसईचा किल्ला पाहिलेल्या माणसाला इथं आधी थोडं गोंधळायला होतं. राजवाडा नाही, देऊळ नाही, वस्ती नाही. सान लासारो टेकडीवर तिरक्या भिंतींचा एक प्रचंड दगडी डोंगर रचलेला आहे. माथ्यावरचा मूळ भाग १६५७ मध्ये पुरा झाला, आणि पुढं आंतोनिओ दे आरेवालो या अभियंत्यानं १७६२ पासून खाली बुरुजांच्या पायऱ्या वाढवल्या. त्यातली युक्ती गाइडकडून समजून घ्यावी. खालची तोफांची फळी शत्रूनं घेतली तरी वरच्या फळीला तोंड देताना त्याला आडोसा मिळू नये, अशा कोनात प्रत्येक भिंत आहे. पोटातले भुयारी रस्ते अरुंद आहेत आणि त्यांत बाजूला कोनाडे आहेत. आवाज दूरवर पोचावा अशी त्यांची रचना आहे, त्यामुळे कोण येतंय ते पहारेकऱ्याला आधीच कळे. गाइड तुम्हाला एका टोकाला उभं करून दुसऱ्या टोकाकडून हळूच बोलून दाखवतो. मुलांना हे फार आवडतं.

इथली मोठी लढाई १७४१ ची. ब्रिटिश अ‍ॅडमिरल एडवर्ड व्हर्नन सुमारे १८६ जहाजं घेऊन आला. शहराच्या बाजूनं अवघी सहा लढाऊ जहाजं आणि काही हजार माणसं होती. नौदलाचा सेनापती होता ब्लास दे लेसो. आधीच्या लढायांत त्याचा एक पाय आणि एक डोळा गेलेला, एक हात निकामी झालेला. व्हर्ननच्या सैन्यानं खाडीच्या तोंडाशी असलेली बोकाचिकाची सामुद्रधुनी घेतली आणि आता शहर पडलंच, असा निरोप इंग्लंडला गेला. तिकडे विजयाची पदकं पाडली गेली, त्यांवर लेसो व्हर्ननपुढं गुडघे टेकून बसलेला दाखवला. प्रत्यक्षात २० एप्रिलला सान लासारोवरचा हल्ला फसला, पीतज्वरानं इंग्रजांची छावणी पोखरली आणि मे महिन्यात आरमार परतलं. लेसो त्याच वर्षी वारला. किल्ल्याच्या पायथ्याशी त्याचा पुतळा आहे. दोनच वर्षं आधी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई घेतली होती. युरोपी सत्तांच्या समुद्रकाठच्या तटबंद्या त्या दशकात पृथ्वीच्या दोन्ही बाजूंना पणाला लागल्या होत्या, हे ध्यानात ठेवून किल्ला पाहिला तर तो परका वाटत नाही.

गाडी असेल तर इथून ला पोपा टेकडीवरच्या मठात जाता येतं. उंची सुमारे १५० मीटर, वरून खाडी, तट आणि बोकाग्रांदे भागातल्या उंच इमारती एका नजरेत येतात. पायी चढू नये, गाइड किंवा टॅक्सीनंच जावं.

घड्याळाच्या मनोऱ्यामागचा चौक

तोर्रे देल रेलोह, म्हणजे घड्याळाचा मनोरा, हे जुन्या शहराचं प्रवेशद्वार. त्याच्या कमानीतून आत शिरलं की प्लासा दे लोस कोचेस हा त्रिकोणी चौक लागतो. मध्ये एरेदियाचा पुतळा, कडेनं पिवळ्या कमानी आणि त्यांखाली मिठाईच्या बरण्यांची रांग. लोक फोटो काढतात आणि पुढं सरकतात.

या चौकात माणसं विकली जात होती. कार्ताहेना हे स्पॅनिश अमेरिकेतल्या गुलामांच्या व्यापाराचं एक प्रमुख बंदर होतं. आफ्रिकेतून जहाजांच्या तळघरांत कोंबून आणलेल्या स्त्री-पुरुषांना इथं उतरवून त्यांची बोली लागे. त्यांतले काही खाणींकडे जात, काही मळ्यांवर, आणि काही याच शहरात राहून तटाचे दगड वाहत. चांगला गाइड इथं थांबतो आणि आवाज न चढवता हे सगळं सांगतो. जो गाइड इथल्या नारळाच्या वड्यांचं कौतुक करून निघतो, त्याच्या बाकीच्या माहितीवरही माझा विश्वास बसत नाही.

तिथून पाच मिनिटांवर सान पेद्रो क्लावेर यांचं चर्च आहे. कातालोनियातल्या वेर्दू गावचा हा जेझुइट धर्मगुरू १६१० मध्ये इथं आला, पुढं अनेक वर्षं गुलामांच्या जहाजांवर अन्न, पाणी आणि औषध घेऊन जात राहिला आणि १६५४ मध्ये वारला. स्वतःला तो ‘गुलामांचा गुलाम’ म्हणवी. १८८८ मध्ये त्याला संतपद मिळालं. त्याच्या अस्थी मुख्य वेदीखाली काचेतून दिसतात. या करुणेबद्दल आदर ठेवूनच एक गोष्ट सांगायला हवी: आजारी माणसांशी त्यांच्या भाषेत बोलण्यासाठी क्लावेर ज्या आफ्रिकी दुभाष्यांना बरोबर नेई, तेही गुलामच होते, जेझुइट मठाच्या मालकीचे. शहराची गुंतागुंत या एका वस्तुस्थितीत जेवढी आहे तेवढी दुसरीकडे नाही.

प्लासा दे बोलीवारच्या सावलीत थोडं बसून घ्यावं. समोर इन्क्विझिशनचा वाडा आहे. धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं हे न्यायालय १६१० मध्ये इथं सुरू झालं. वाड्याच्या बाजूच्या गल्लीत एक लहान खिडकी आहे, तिच्यातून शेजाऱ्यापाजाऱ्यांविरुद्ध गुप्त तक्रार देता येई. त्याच चौकात सेनू लोकांच्या सोन्याचं संग्रहालय आहे. स्पॅनिशांच्या आधी या प्रदेशात पुराच्या पाण्याला वाट करून देणारे कालवे लाखो हेक्टरांवर खणणारे हे लोक. उन्हाची वेळ काढायला ही जागा उत्तम.

दुपारचं जेवण

तळलेला मासा, नारळाचा भात आणि पाताकोन, म्हणजे कच्च्या केळ्याचे चेपून दोनदा तळलेले काप, हे इथलं ठरलेलं ताट. भातासाठी नारळाचं दूध आटवून त्याचा तपकिरी चोथा होऊ देतात, मग त्यात तांदूळ शिजवतात. चव आपल्या नारळीभाताच्या जवळ जाते, फक्त तो माशाबरोबर खातात. शाकाहारी मंडळींनी ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो’, म्हणजे मांस आणि मासे दोन्ही नकोत, असं स्पष्ट सांगावं. नुसतं मांस नको म्हटलं तर मासा हमखास येतो. गोडासाठी कमानींखालच्या बरण्यांतली ‘आलेग्रिया’ घ्या: फुलवलेलं बारीक धान्य, खोबरं आणि गूळ यांचा गोळा.

फळांची टोपली घेतलेल्या बायका

पिवळ्या, निळ्या, लाल झग्यांतल्या, डोक्यावर फळांची परात घेतलेल्या पालेंकेरा स्त्रिया शहराच्या प्रत्येक पोस्टकार्डावर असतात. त्यांचा फोटो फुकट नसतो. आधी विचारा, पैसे ठरवा, जमलं तर फळं विकत घ्या. उभं राहून दिवस काढणं हे त्यांचं काम आहे.

त्या मूळच्या सान बासिलिओ दे पालेंकेच्या, शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवरच्या गावच्या. गुलामीतून पळालेल्या आफ्रिकी लोकांनी ते वसवलं. त्यांचा नायक बेन्कोस बिओहो याला स्पॅनिश अधिकाऱ्यांनी १६२१ मध्ये कार्ताहेनात फाशी दिली, पण लढा थांबला नाही आणि पुढं १८ व्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश सत्तेला गावाचं स्वातंत्र्य मान्य करावं लागलं. तिथली पालेंकेरो भाषा आजही बोलली जाते. तिचे शब्द बहुतांशी स्पॅनिश, पण घडणीत मध्य आफ्रिकेतल्या किकोंगो भाषेचा अंश आहे. युनेस्कोनं २००५ मध्ये या गावाच्या संस्कृतीला अमूर्त वारसा म्हणून गौरवलं. बिओहोच्या काळात आपल्याकडे मलिक अंबर होता: इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढं अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार हाती घेतलेला आणि १६२६ मध्ये वारलेला. आफ्रिकेतून पूर्वेला आणि पश्चिमेला नेलेल्या माणसांच्या वाट्याला काय काय आलं, हे या दोन समकालीनांवरून मराठी माणसाला चटकन उमगेल. हातात दुसरा दिवस असेल तर मी बेटांऐवजी पालेंकेला जायला सांगेन, तेही गावातल्याच गाइडबरोबर.

तट, पुस्तकं, टॅक्सी

साडेचारनंतर ऊन उतरतं आणि तटावरून चालता येतं. लास बोवेदास हे अठराव्या शतकाअखेरचे कोठे आता हस्तकलेची दुकानं झाले आहेत. गाब्रिएल गार्सिया मार्केसच्या वाचकांनी ला मेर्सेदच्या मठाचं आवार चुकवू नये. तो १९४८ मध्ये या शहरात येऊन ‘एल उनिव्हेर्साल’ या वृत्तपत्रात लिहू लागला, आणि त्याच्या अस्थी २०१६ पासून इथं आहेत. टॅक्सीला मीटर नसतो, बसण्याआधी भाडं ठरवावं. डिसेंबर ते एप्रिल कोरडे आणि वाऱ्याचे महिने. सर्वांत जास्त पाऊस ऑक्टोबरमध्ये.

हेत्सेमानी

हा भाग अर्ध्या तासात उरकण्यासारखा नाही, संध्याकाळ इथंच घालवावी. कारागीर, मुक्त झालेले कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय लोक यांची ही जुनी वस्ती. क्यूबात जन्मलेला पेद्रो रोमेरो ११ नोव्हेंबर १८११ रोजी इथल्या लोकांना घेऊन निघाला आणि त्यांनी शहराच्या सत्ताधाऱ्यांना स्पेनपासून संपूर्ण स्वातंत्र्य जाहीर करायला लावलं. चार वर्षांनी स्पॅनिश सेनापती पाब्लो मोरिल्योनं शहराला तीन महिन्यांहून अधिक काळ वेढा दिला, हजारो लोक उपासमारीनं मेले. ‘ला एरोइका’, म्हणजे वीरनगरी, हे बिरुद त्यातून आलं.

आज त्रिनिदाद चौकात मुलं फुटबॉल खेळतात, गाड्यांवर अंडं घातलेल्या मक्याच्या आरेपा तळल्या जातात, भिंतींवर मोठाली चित्रं आहेत. पण हॉटेलं वाढली, घरांच्या किमती चढल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारी पुष्कळ कुटुंबं भाग सोडून गेली. जी उरली आहेत त्यांच्याच खाणावळीत जेवावं, आणि शक्यतो याच भागात वाढलेला गाइड घ्यावा. कुठलं घर कुणाचं होतं आणि ती माणसं आता कुठं गेली, हे तोच सांगू शकतो. नोव्हेंबरच्या मध्याला स्वातंत्र्याचा उत्सव असतो, रस्ते मिरवणुकांनी भरून जातात. त्या दिवसांत जायचं असेल तर गाइड आणि खोली दोन्ही बरंच आधी ठरवून ठेवावं.