पहिलं वर्ष, शेवटचा नंबर!

नवी टीम, नवी जर्सी, नवं गाणं... आणि मोसम संपतो तेव्हा मुक्काम थेट गुणतक्त्याच्या तळाशी. पहिलं वर्ष असं गेलेल्या टीमचं पुढे काय होतं? टोरांटो, व्हँकुव्हर, पुणे आणि आपलं मालवण. चार ठिकाणांची ही गजाल.

नव्या नोकरीतलं पहिलं वर्ष आठवून बघा. जॉइनिंगच्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं कार्ड, हातावर आईने ठेवलेली दही-साखर. पहिले दोन आठवडे सगळं झक्कास. मग पहिली डेडलाइन हुकते, दुसरी हुकते, बॉसच्या ई-मेलमधलं ‘डिअर’ गायब होतं आणि अप्रेझलच्या दिवशी पोटात गोळा येतो. तुमचं निदान बंद केबिनमध्ये होतं. एखाद्या नव्या व्यावसायिक टीमचं अप्रेझल टीव्हीवर होतं, रोज रात्री, लाखो लोकांसमोर!

बास्केटबॉलमधली एक जोडगोळी बघा. १९९५ साली अमेरिकेच्या एनबीए लीगने कॅनडात दोन नव्या टीम्स आणल्या. टोरांटो रॅप्टर्स आणि व्हँकुव्हर ग्रिझलीज. रॅप्टर्सच्या नावामागे ‘ज्युरासिक पार्क’ची तेव्हाची क्रेझ होती. छातीवर डायनासोर असलेली जांभळी जर्सी हा तर स्टाइल स्टेटमेंटचाच मामला! दोन्ही टीम्सचा वाढदिवस एक, देश एक, अडचणीही त्याच. नशीब मात्र वेगळं.

नव्याने येणाऱ्याने जरा कमीच खायचं!

नव्या टीमला खेळाडू मिळतात कुठून? जुन्या टीम्सनी आपापले आठ खेळाडू राखून ठेवायचे आणि उरलेल्यांतून नव्यांनी निवडायचे, असा तेव्हाचा नियम. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर बाकीच्या डिपार्टमेंट्सनी सोडलेली माणसं घेऊन तुम्ही नवी ब्रँच उघडायची आणि टार्गेट मात्र हेड ऑफिसएवढंच!

एवढ्यावर भागलं नाही. कॉलेजमधून येणाऱ्या नव्या पोरांत सगळ्यात पहिली निवड करायचा मान या दोन टीम्सना सुरुवातीची काही वर्षं मिळणार नव्हता, तसं करारातच होतं. १९९६ मध्ये त्या मानाची सोडत निघाली आणि चिठ्ठी आली नेमकी टोरांटोची. पण नियम म्हणजे नियम. पहिला नंबर फिलाडेल्फियाकडे गेला आणि त्यांनी उचलला ॲलन आयव्हरसन, जो पुढे मोठा स्टार झाला. लॉटरी लागली, पण तिकीट दुसऱ्याच्या खिशात!

व्हँकुव्हरची सुरुवात मात्र स्वप्नासारखी होती. पहिले दोन सामने, दोन्ही जिंकले. शहर खूश. त्यानंतर सलग १९ पराभव. त्याच मोसमात पुढे आणखी एक रांग लागली, सलग २३ पराभवांची! ८२ सामन्यांत १५ विजय. टोरांटोही फार पुढे नव्हतं, २१ विजय आणि ६१ पराभव. पण २४ मार्च १९९६ ला या नवख्यांनी मायकेल जॉर्डनच्या शिकागो बुल्सला १०९-१०८ असं हरवलं. कुठल्या बुल्सला? त्या मोसमात ८२ पैकी फक्त १० सामने हरलेल्या! वाईट वर्षातली अशी एक रात्र पुढची कितीतरी वर्षं पुरते.

पुण्याचे वॉरियर्स

आता घरी या. २०११ च्या आयपीएलमध्ये दोन नव्या टीम्स आल्या, त्यातली एक पुणे वॉरियर्स. सहारा समूहाने ३७ कोटी डॉलर मोजून घेतलेली, त्या वेळची सगळ्यात महागडी. कर्णधार युवराज सिंग. २ एप्रिलला भारताने वर्ल्ड कप जिंकला, त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू युवराजच होता आणि आठच दिवसांनी तो पुण्याच्या जर्सीत मैदानावर. याहून भारी लाँच कुठला असेल, बॉस?

पहिला सामना पंजाबविरुद्ध, जिंकला. दुसरा कोचीविरुद्ध, तोही जिंकला. आणि मग... सलग सात पराभव. व्हँकुव्हरचीच स्क्रिप्ट, फक्त बॉल वेगळा! १० टीम्समध्ये नववा नंबर. १४ सामन्यांत ४ विजय, ९ पराभव आणि एक सामना पावसाने खाल्लेला.

गंमत बघा. नाव पुण्याचं, पण गहुंजेचं स्टेडियम तयार नव्हतं, म्हणून त्या वर्षीचे ‘घरचे’ सामने झाले नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. एक्स्प्रेस-वेने घरच्या मैदानावर जायचं, ही कल्पनाच पुणेकरांना न पटणारी! टोरांटोचंही तसंच. पहिली काही वर्षं ते बेसबॉलच्या अवाढव्य स्टेडियममध्ये बास्केटबॉल खेळत होते. पण ते निदान त्यांच्याच शहरात होतं.

पुढच्या मोसमाला युवराज नव्हताच. तो कॅन्सरशी झुंजत होता. २०१२ मध्ये सौरव गांगुली कर्णधार झाला आणि टीम तळाला गेली. २०१३ च्या एका मोसमात तीन कर्णधार झाले. ख्रिस गेलने नाबाद १७५ धावा ठोकल्या त्याही याच वॉरियर्सच्या गोलंदाजीवर. मैदानाबाहेर फ्रँचायझी फीवरून सहारा आणि क्रिकेट बोर्डाचं भांडण चालूच होतं. ऑक्टोबर २०१३ मध्ये बोर्डाने करार रद्द केला आणि तीन मोसमांत खेळ खलास.

पुण्याचीच पलटण

या गोष्टीनंतर वर्षभराच्या आत त्याच शहराच्या नावाने आणखी एक टीम उतरली. २०१४, प्रो कबड्डी लीगचा पहिला मोसम, पुणेरी पलटण. तेव्हा कबड्डी म्हटलं की शहरातल्या पोरांच्या डोक्यात शाळेचा पी.टी.चा तास यायचा. लिलावातली सगळ्यात मोठी बोली होती १२ लाख ८० हजारांची. आयपीएलच्या हिशेबात चिल्लरच म्हणायची!

पलटणचा पहिल्या वर्षीचा नंबर? आठ टीम्समध्ये आठवा. दुसऱ्या वर्षी सुधारणा? छे, पुन्हा आठवा! त्यात शेजारची यू मुंबा पहिल्या वर्षी फायनलला आणि दुसऱ्या वर्षी चॅम्पियन. मुंबई-पुणे वादात पुणेकर गप्प बसल्याची इतिहासातली ही दुर्मीळ नोंद असावी.

पण पलटण बंद झाली नाही. २०१६ मध्ये प्रशिक्षक अशोक शिंदे आणि कर्णधार मनजीत छिल्लर यांच्या काळात ती तिसरी आली. नंतर वर-खाली चालूच राहिलं. मग मोठ्या नावांच्या शेजारी अस्लम इनामदार, मोहित गोयत यांच्यासारखी नवी पोरं दिसायला लागली. अस्लम आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. २०२२ ची फायनल जयपूरविरुद्ध ३३-२९ अशी गेली. अगदी तोंडाशी आलेला घास! आणि पुढच्याच, म्हणजे दहाव्या मोसमात साखळीतल्या २२ सामन्यांत १७ विजय आणि फक्त २ पराभव. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पलटण चॅम्पियन झाली. कर्णधार अस्लमच, आणि मोसमाचा सर्वोत्तम खेळाडूही तोच.

आता कुणी म्हणेल, पैसा ओतला असेल. ओतला ना! इराणच्या शादलूईसाठी पलटणने त्या मोसमात २ कोटी ३५ लाख मोजले. पण त्याच लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाखांहून जास्त दिले आणि मोसमात ते तळाला राहिले. पवन वाईट खेळाडू आहे का? अजिबात नाही. पण कबड्डीत एका वेळी सात जण मैदानात असतात आणि एकट्याच्या चढायांवर बाकीच्या सहांचं पोट भरत नाही.

फरक पडला कशाने?

टोरांटोने २०१९ मध्ये, चोविसाव्या मोसमात, एनबीएचं विजेतेपद मिळवलं. व्हँकुव्हरच्या टीमला मात्र सहा मोसमांत एकदाही २३ च्या वर विजय मिळाले नाहीत. १९९९ मध्ये त्यांनी निवडलेल्या स्टीव्ह फ्रान्सिसने ‘मी तिकडे खेळणार नाही’ म्हणून सरळ नकार दिला. कमाई कॅनडाच्या घसरत्या डॉलरमध्ये आणि पगार अमेरिकेच्या डॉलरमध्ये, वर प्रेक्षकही आटत गेले. टीम विकली गेली आणि २००१ मध्ये बाडबिस्तरा उचलून अमेरिकेतल्या मेम्फिसला गेली. व्हँकुव्हरला एनबीएची टीम पुन्हा मिळाली नाही.

चारही टीम्स पहिल्या वर्षी सपशेल आपटल्या. म्हणजे पहिल्या वर्षाच्या निकालावरून पुढचं काहीच कळत नाही. कळतं ते तीन गोष्टींवरून. एक, घर आहे का? स्वतःचं मैदान, स्वतःची माणसं. दोन, हिशेब दमाचा आहे का? पहिल्याच वर्षी तोंड फाटेल एवढी किंमत मोजली की दुसऱ्या वर्षी धीर धरता येत नाही. वॉरियर्सच्या पराभवांइतकंच त्यांच्या फीचं गणितही त्यांना भोवलं. आणि तीन, हरताना कुणी घडतंय का? कर्णधार बदलत राहणं आणि खेळाडू तयार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि हो, नशीबही लागतंच. कबड्डीची लीगच टिकली, म्हणून पलटणला दहावा मोसम बघता आला. २०१५ मध्ये भारतात यूबीए प्रो बास्केटबॉल लीग आली, तेव्हा त्यातही मुंबई चॅलेंजर्स आणि पुणे पेशवाज होतेच. २०१७ नंतर ती लीगच थांबली. मुंबईत नागपाड्यासारख्या भागात पिढ्यान्‌पिढ्या बास्केटबॉल खेळला जातो. तरी मोठ्या झालेल्या खेळाडूचं स्वप्न बहुतेकदा रेल्वे, पोलीस किंवा एखाद्या सरकारी कंपनीच्या नोकरीपाशीच येऊन थांबतं. ‘अपयशाने खचू नका’ वगैरे पोस्टर ऑफिसात लावायला छान असतात, पण सावरायला दुसरा मोसम तर मिळाला पाहिजे ना!

मालवणी मॅनेजमेंट

आता सिंधुदुर्गात या. मे महिन्यात चाकरमानी गावाक पोचला की भात कापून मोकळ्या झालेल्या मळ्यांत टेनिस बॉलच्या टुर्नामेंट सुरू होतात. दरवर्षी कुठल्या तरी वाडीची नवी टीम, मुंबईच्या कुणा भाऊंनी दिलेले टी-शर्ट, पाठीवर नावं. पहिल्याच मॅचला गारद झाली तरी कुणी टीम विसर्जित करत नाही. दोन दिवस तिची यथेच्छ टिंगल होते, मग ‘फुडच्या वर्साक बघूया रे!’ म्हणून विषय संपतो. कारण टीम कुणी विकत घेतलेली नसते. ती वाडीची असते, आणि वाडी काय मेम्फिसला जाणार?

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढतात तेव्हाही हेच दिसतं. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धगोल फिरते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसं तास न्‌ तास ओढत राहतात. जे मिळेल त्याची वाटणी. कधी जाळं चमचमतं, कधी चार बांगडे आणि ढीगभर शेवाळ. त्या दिवशी वाटणी चार बांगड्यांचीच होते, पण होते. म्हणून दुसऱ्या दिवशीही दोराला हात लागतात.

तुमचं पहिलं अप्रेझल ‘आठवा नंबर’ घेऊन आलं असेल तर आरशात बघून स्वतःला बोल लावण्याआधी जरा आजूबाजूला बघा. जाळं रिकामं आलं त्या दिवशी तुमच्या ऑफिसात वाटणी झाली की दोष एकट्याच्या ताटात पडला? तुम्हाला कुणी काही शिकवतंय, की फक्त कर्णधार बदलतायत? उत्तर पहिलं असेल तर थांबा, दोर सोडू नका. दुसरं असेल, तर सीव्ही अपडेट करायला हरकत नाही. टीम बदलणं म्हणजे हरणं नव्हे, बॉस. पलटणमध्ये आलेले कितीतरी खेळाडूही आधी दुसऱ्याच कुणाच्या तरी टीममध्ये हरत होते!