नेचे आणि घरचे कुत्रे

कामगार-चळवळीने मला एक गोष्ट शिकविली : नावावर विसंबू नये. वीस वर्षे एकाच यंत्रावर राबणारा माणूसही कागदोपत्री 'तात्पुरता' असू शकतो! रोपवाटिकेतील नावांची तऱ्हा तीच. घरात कुत्रा असेल, तर 'फर्न' ही चिठ्ठी पाहून कुंडी आणू नये.

खऱ्या नेच्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. पानामागील तपकिरी ठिपक्यांत बीजाणू असतात. त्यांपासून त्याचा वंश वाढतो. घरोघरी दिसणारा बॉस्टन फर्न, म्हणजे नेफ्रोलेपिस, हा असा खरा नेचा. तो कुत्र्यास विषारी नाही. सगळेच नेचे निर्दोष असे मात्र नव्हे. ब्रॅकन हा रानटी नेचा गुरांनाही बाधतो.

'अ‍ॅस्परॅगस फर्न' म्हणतात ते झाड तर नेचाच नव्हे; ते आपल्या शतावरीच्या गोत्रातले. त्याची फळे खाल्ल्यास कुत्र्याला ओकाऱ्या व जुलाब होतात. झाडाला अंग वरचेवर घासल्यास कातडीला दाह होतो.

नेच्यासारखी पाने मिरविणारा सायकस सर्वांत घातक. त्याचे सारे भाग विषारी, बी सर्वांत अधिक. त्यातील सायकॅसिन यकृत निकामी करते. कुत्र्याने तो चघळला, तर लक्षणांची वाट न पाहता रोपाचा तुकडा घेऊन पशुवैद्य गाठावा.

मुक्या जनावराला चिठ्ठी वाचता येत नाही. म्हणून शास्त्रीय नाव विचारून मगच कुंडी घेणे, ही जबाबदारी आपली.