जुनी गाडी किती नवी करायची?

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात हर्शी नावाचे गाव आहे. चॉकलेटच्या कारखान्याभोवती ते वसले आणि त्याच नावाने जगाला ठाऊक झाले. पण जुन्या मोटारींच्या शौकिनांसाठी हर्शीचा अर्थ निराळाच आहे. दर वर्षी ऑक्टोबरमध्ये तेथील मोकळ्या जागांवर हजारो विक्रेते पथाऱ्या मांडतात. त्यांवर गंजलेले दिवे, पोचे आलेली मडगार्ड, काच नसलेली स्पीडोमीटरे, जोडीतला एकच उरलेला दरवाजाचा दांडा असा माल पसरलेला असतो. आपल्याकडील भंगारवाल्यानेही तो उचलताना दोनदा विचार केला असता. मात्र गिऱ्हाईक हातात यादी घेऊन, गुडघे टेकून, एकेक वस्तू पारखत असते. कोणाला १९३१च्या फोर्डचे कार्बोरेटर हवे असते, तर कोणाला १९५७च्या शेव्हरोलेच्या बोनेटवरची सोनेरी अक्षरे. १९३५ साली स्थापन झालेल्या ‘अँटिक ऑटोमोबाईल क्लब ऑफ अमेरिका’ या संस्थेचा हा मेळावा १९५५पासून भरत आला आहे.

जुनी गाडी विकत घ्यायची, ती पूर्ण सुटी करायची आणि वर्षानुवर्षे खपून पुन्हा रस्त्यावर आणायची, हा छंद अनेक देशांत आहे. अमेरिकेत तो लक्षाधीशांपुरता राहिला नाही, याचे कारण त्या देशाच्या मोटार उद्योगातच आहे. फोर्डच्या ‘मॉडेल टी’च्या १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. त्यानंतरच्या ‘मॉडेल ए’च्या, १९३१पर्यंतच्या अवघ्या चार वर्षांत, पन्नास लाखांच्या आसपास गाड्या बनल्या. गाड्या इतक्या, म्हणून त्यांचे सुटे भागही तितकेच. आणि एका गाडीचा भाग दुसरीला हमखास बसणारा. त्यात घराला लागून स्वतःचे गॅरेज असण्याची अमेरिकन रीत. शनिवार-रविवारी त्या गॅरेजात बोनेट उघडून बसलेला बाप आणि त्याला पाना शोधून देणारा मुलगा, हे चित्र तेथे दोन-तीन पिढ्यांच्या ओळखीचे आहे.

नवशिक्याला बहुधा ‘मॉडेल ए’चीच शिफारस केली जाते. चार सिलिंडरांचे, चाळीस अश्वशक्तीचे तिचे इंजिन समजायला सोपे आहे. पेट्रोलची टाकी इंजिन आणि पुढची काच यांच्यामध्ये उंचावर बसवलेली असल्यामुळे पेट्रोल आपल्या वजनानेच कार्बोरेटरमध्ये उतरते. पंपाची गरज नाही. ब्रेक दांड्यांवर चालतात. ठिणगी केव्हा पडावी हे चालकाने स्टिअरिंगखालच्या एका तरफेने स्वतः ठरवायचे असते. ती तरफ विसरून कोणी हँडल मारले, तर इंजिन उलटा झटका देते आणि मनगटाची खैर राहत नाही. आजच्या गाडीत संगणक जे गुपचूप करतो, ते सारे येथे डोळ्यांना दिसते आणि हातांना करावे लागते. या छंदाची गोडी बरीचशी यातच आहे.

या छंदाचे पहिले पाऊल मोडतोडीचे असते. गाडी सुटी करणे हे काम आठवड्याभरात उरकते आणि तेथेच पुष्कळांचा घात होतो. प्रत्येक नट-बोल्टची पिशवी वेगळी, पिशवीवर चिठ्ठी, सोडवण्यापूर्वी छायाचित्र, ही शिस्त पाळली नाही तर दोन वर्षांनी समोर फक्त लोखंडाचा ढीग उरतो. खरा शत्रू भेटतो तो पत्र्याखाली. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ मडगार्डांच्या आत, दरवाजांच्या तळाशी, चासीच्या पोकळ भागांत साचून आतून पत्रा खात जाते. म्हणूनच ऍरिझोना किंवा कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत राहिलेल्या गाडीला, तिचा रंग उन्हाने उडालेला असला तरी, जास्त भाव येतो. रंग नव्याने देता येतो; सडलेला पत्रा कापूनच टाकावा लागतो.

१९६४च्या एप्रिलमध्ये बाजारात आलेली फोर्ड मस्टँग हे याचे ठळक उदाहरण. पुढच्या काचेखाली हवा आत घेण्यासाठी जी पोकळी आहे, तिच्यात पावसाचे पाणी आणि पालापाचोळा साचतो. काही वर्षांनी पाणी थेट चालकाच्या पायांवर ठिबकू लागते. दुरुस्तीसाठी मडगार्ड उतरवून, वेल्डिंगचे कारखान्यातले ठिपके एकेक करून खोदून, वरचा पत्रा अलग करावा लागतो. बाहेरून चकचकीत दिसणारी मस्टँग घेताना जाणकार माणूस आधी त्या जाळीत बादलीभर पाणी ओततो आणि आत वाकून पाहतो. विक्रेत्याचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा होत असावा.

गंज काढण्याचे मार्ग अनेक आहेत आणि प्रत्येकाला त्याची किंमत आहे. वाळूचा मारा झटपट काम करतो, पण अननुभवी हातात मोठा सपाट पत्रा लाटांसारखा वाकतो आणि मग तो सरळ करणे फार अवघड होते. लहान भागांसाठी धुण्याच्या सोड्याचे पाणी आणि बॅटरी चार्जर पुरतो. विजेच्या सौम्य प्रवाहाने गंज सुटतो आणि खालच्या चांगल्या धातूला धक्का लागत नाही. सडलेला भाग कापून तेथे नवा पत्रा जोडला की सांधा सपाट करणे आले. जुन्या कारखान्यांत तो वितळवलेल्या शिशाने भरत. पुढे प्लॅस्टिकची पुटी आली आणि आळशी कारागिराची सोय झाली. म्हणून पारखी खरेदीदार खिशात लहानसे लोहचुंबक बाळगतो. चुंबक जेथे पकड सोडते, तेथे पत्र्याऐवजी पुटीचा थर असण्याची शक्यता मोठी.

इंजिनात प्रश्न आणखी नाजूक होतो. ‘मॉडेल ए’ची बेअरिंग आजच्यासारखी तयार वाट्यांची नव्हती. कथलाचे प्रमाण मोठे असलेला मिश्रधातू वितळवून तो थेट जागेवर ओतत आणि मग मापात कातत. हे काम जाणणारे हात आता थोडे उरले आहेत. त्याऐवजी इंजिनात फेरफार करून आधुनिक वाट्या बसवता येतात. त्या टिकतातही जास्त. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळणार नाही. मग काय करावे? असाच पेच पेट्रोलचा. अमेरिकेत रस्त्यावरच्या वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल १९९६पासून बंद झाले. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकींना ते शिसे झीज होण्यापासून वाचवत असे. आता तेथे कठीण पोलादाची कडी बसवून घेतात. पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खाते, त्या बदलाव्या लागतात. ब्रेकच्या बाबतीत तर जिवाशी गाठ असते. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बहुसंख्य अमेरिकन गाड्यांत चारही चाकांना ब्रेकचे तेल एकाच मार्गाने जाई. एक नळी फुटली की पेडल तळाला टेकते आणि गाडी थांबत नाही. तेथे दोन स्वतंत्र मार्गांचा आधुनिक सिलिंडर बसवण्याला मूळपणाच्या नावाखाली विरोध करणे हा हट्ट झाला.

या साऱ्यातून जो प्रश्न उभा राहतो, त्याला या छंदात अनेक वर्षे सरळ उत्तर होते: जितकी चकचकीत, तितकी उत्तम. क्रोमवर तांबे, निकेल आणि क्रोमियमचे थर चढवून आरसा करायचा, रंगाचे थर घासून घासून त्यात चेहरा दिसेल असे करायचे. वास्तविक १९५५ची शेव्हरोले कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा अशी कधीच नव्हती. तासाला कित्येक गाड्या उतरवणाऱ्या साखळीवर रंगाला संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा असे, दरवाजांच्या फटी कमीजास्त असत, चासीवर तपासनिसाने मारलेली खडूची फुली असे. आज काही कसबी लोक मूळ खुणांचा अभ्यास करून ती फुलीसुद्धा जागच्या जागी पुन्हा काढतात. गंमत वाटावी असा हा प्रकार असला, तरी त्यामागचा विचार खोटा नाही: गाडी जशी होती तशी दिसावी, तिच्याहून देखणी नव्हे.

दुसरा विचार याहूनही पुढचा आहे. फिलाडेल्फियातील मेंदूविकार शल्यविशारद फ्रेड सिमिओन यांनी आयुष्यभर शर्यतीच्या गाड्या जमवल्या आणि २००८ मध्ये त्यांचे संग्रहालय उघडले. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. जुन्या चित्राला किंवा लाकडी आसनाला जो न्याय आपण लावतो, तोच मोटारीला लावावा, असा त्यांचा आग्रह होता. मूळ रंग खरवडला की तो गेला. त्याची हुबेहूब नक्कल होईल, पण तो पुरावा परत येणार नाही. त्यांच्या संग्रहातील शेल्बी कोब्रा डेटोना कूपे ही १९६४ची गाडी या विचाराचे प्रतीक ठरली. तशा फक्त सहा बनल्या. त्यांतली ही पहिली, आणि ती नव्याने रंगवून सजवली गेली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत २०१४ मध्ये पहिले नाव तिचेच लागले. कॅलिफोर्नियातील पेबल बीचच्या प्रतिष्ठित प्रदर्शनानेही २००१पासून न सजवलेल्या, जपलेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग ठेवला. ज्या गाड्यांची आधी कीव केली जाई, त्यांना आता बक्षिसे मिळू लागली.

अर्थात प्रत्येक जुनी गाडी काही डेटोना कूपे नसते. कोंबड्यांच्या खुराड्यात तीस वर्षे पडलेली, तळ सडलेली गाडी ‘जशी आहे तशी’ जपायची, तर फक्त गंज जपल्यासारखे होईल. मूळ कातडी शिल्लक असेल तर हात आखडता घ्यावा, नसेल तर नि:शंकपणे नवे करावे, पण काय नवे केले ते लिहून ठेवावे, इतका विवेक बहुतेक जाणत्यांना मान्य होतो.

लिहून ठेवण्याला महत्त्व येते ते पैशांमुळे. पाँटियाकची जीटीओ ही गाडी १९६४ आणि १९६५ मध्ये स्वतंत्र मालिका नव्हती. ‘ल मान्स’ या साध्या गाडीवर घेण्याचा तो एक जादा संच होता. त्यामुळे त्या दोन वर्षांच्या गाडीचा क्रमांक पाहून ती खरी जीटीओ की साधी ल मान्स हे कळत नाही. मडगार्डावर जीटीओची पट्टी लावायला कितीसा वेळ लागतो? कारखान्याच्या जुन्या बिलांच्या नोंदी म्हणूनच सोन्याच्या मोलाच्या ठरतात. पुढे गाडीच्या क्रमांकाचा अंश इंजिनावर ठोकण्याची पद्धत रूढ झाली, तर ते अंक घासून नवे ठोकणारेही निघाले. दुसरीकडे काही लोकप्रिय गाड्यांचे संपूर्ण सांगाडे आज नव्या पत्र्यातून बनून मिळतात. त्यावर नवे इंजिन, नव्या काचा, नवी आसने चढवली, तर जुने काय राहिले? याचे उत्तर विक्रेत्याच्या प्रामाणिकपणावर सोपवलेले आहे.

मुंबईला हा सारा विषय परका नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीत गाड्यांची जुळणी सुरू केली. सोलापूरच्या मातीतून वर आलेल्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने क्रायस्लरशी करार करून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो उभ्या केल्या. पन्नासच्या दशकाच्या मध्यास परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. या ऐसपैस गाड्यांतल्या कित्येक पुढे टॅक्सी झाल्या, आणि पेट्रोल परवडेनासे झाले तेव्हा अनेकींच्या पोटात डिझेलचे इंजिन बसले. क्यूबात १९५९च्या क्रांतीनंतर अमेरिकन माल बंद झाला, तेव्हा हवानाच्या मेकॅनिकांनीही याच मार्गाने शेव्हरोले आणि ब्यूक चालत्या ठेवल्या. दोन्हीकडे ती गरज होती, छंद नव्हे.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिन्टेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या आणि मोठे फेरफार न झालेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. ती रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी नेता येत नाही. चासी, बॉडी वा इंजिन बदलणे म्हणजे मोठा फेरफार. एखाद्या डॉज किंग्जवेचे पेट्रोल इंजिन पन्नास वर्षांपूर्वीच भंगारात गेले असेल, तर तिच्या मालकापुढे पेच उभा राहतो. अमेरिकेतून तसे इंजिन शोधून आणावे, की मुंबईच्या रस्त्यांवर या गाडीला जगवणारे डिझेलच तिचा खरा इतिहास मानावा? नियमाला पहिला मार्ग सोयीचा आहे. इतिहासाच्या दृष्टीने दुसऱ्याचीही बाजू लंगडी नाही.

खर्चाचा हिशेब मात्र सगळीकडे सारखाच निघतो. सामान्य गाडीवर केलेला खर्च विक्रीत क्वचितच सुटतो. क्रोमचे काम तर दिवसेंदिवस महाग होत आहे. मुलाम्यासाठी वापरले जाणारे हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कर्करोगाला कारण ठरते, म्हणून कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले. अनेकांचा उत्साह याआधीच, पत्रा कापण्याच्या टप्प्यावर, ओसरतो. जाहिरातींत ‘अर्धवट काम, सर्व भाग खोक्यांत’ अशा ओळी नेहमी दिसतात. ही खोकी घेणारा माणूस पैसे मोजण्यापूर्वी एकच गोष्ट पाहतो: आतल्या पिशव्यांवर चिठ्ठ्या लावल्या आहेत की नाहीत.